हसीनाचा भाता

ओतूरच्या पेठेमागं वली लोहाराची भट्टी आहे. तिथं विजेचा ब्लोअर बसला आणि हसीनाचं काम गेलं.

लग्न होऊन आल्यापासून भाता तीच ओढत होती. वली ऐरणीवर, ती भात्यावर, मधे निखारे. हातानं दांडा ओढायचा, सोडायचा आणि तोंडानं बोलत राहायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली, लेकीला, कशिशला, पुढं काय शिकवायचं, सगळं भट्टीवरच ठरायचं. घरात दोघांची दखनी बोली चालायची, पण भट्टीवर गिऱ्हाइकांच्या सवयीनं मराठीच तोंडात बसली होती.

ब्लोअरनं हात मोकळे केले हे खरं, पण बटण दाबलं की तो असा घोंगावायचा की शेजारच्याची हाकही ऐकू येऊ नये. त्यात वलीचे कान घणाच्या आवाजानं आधीच जड झालेले. हसीना चहा घेऊन यायची, काही सांगायची, वली मान हलवायचा. एकदा ती म्हणाली, "माझ्या भावाला दवाखान्यात नेलंय." वली हसून म्हणाला, "लई ब्येस झालं!" त्यानंतर ती कप ठेवून मुकाट माघारी फिरू लागली.

यंदा वलीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर धूर आणि ठिणग्या बंद सांगितल्या. कशिश मंचरला दिलेली. ती म्हणाली, "अब्बा इथं राहिले तर उद्याच हातोडा धरतील," आणि बापाला सरळ आपल्या घरी घेऊन गेली. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच हसीनानं शिडी काढली.

भाता पोत्यात गुंडाळून वाशांना बांधला होता. खाली काढून तिनं पोतं सोडलं. कातड्याची उंदरांनी पार जाळी केली होती, खालची फळी उभी चिरली होती आणि खिळे गंजून गेले होते. पुढची लोखंडी नळी तेवढी धड होती.

तिनं डिंगोऱ्याच्या रुपेशला बोलावलं. रुपेश सुतारकाम करायचा, नव्या घरांच्या किचन ट्रॉल्या बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं फळी उलटसुलट करून पाहिली.

"चाची, सागवान हाये, जुनं. पर कशाला ह्यात पडता? बिनआवाजाचा ब्लोअर मिळतो आता. मी मोबाइलवरून मागवून देतो."

"मला बिनआवाजाचा नको," हसीना म्हणाली. "भाताच पायजे."

कातड्यासाठी तिनं घोडेगावहून भाच्याला, शाहनवाजला, बोलावून घेतलं. तो मोटरसायकलींची सीटं शिवायचा. त्यानं येतानाच लालभडक रेक्झिन आणलं होतं.

"खाला, ह्ये टाकू. एकदम शोरूमवाणी दिसंल!"

"निखाऱ्याजवळ रेक्झिन? कोळसा पेटायच्या आधी भाता पेटंल की रे!"

शेवटी जुन्नरहून म्हशीचं कातडं आणलं. ते इतकं ताठ होतं की भिंतीला टेकवून उभं करावं. हसीना रोज त्याला एरंडेल चोळायची आणि खाटेवर उन्हात टाकायची. हळूहळू कातडं मऊ पडलं आणि त्याचा वास गल्लीभर सुटला. तो वास सगळ्यात जास्त आवडला गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला.

बाजारचा दिवस होता. हसीना तेलाची बाटली आणायला आत गेली, बाहेर आली तर खाट रिकामी. कातडं दातात धरून कुत्रं पेठेच्या दिशेनं निघालं होतं. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि धावली. मागून शाहनवाज मोटरसायकलवर. कुत्रं मेथीच्या जुड्यांवरून गेलं, भांडीवाल्याच्या पातेल्यांमधून गेलं आणि कांद्याच्या ट्रॉलीखाली जाऊन बसलं. हसीना सरळ जमिनीवर आडवी झाली, हात लांब केला आणि कातड्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक कुत्र्याकडं. अर्धा बाजार गोळा झाला.

"ओढा भाभी, ओढा!" कुणीतरी ओरडलं.

"तेच तर करतीया जन्मभर!" ट्रॉलीखालून हसीना म्हणाली, आणि जिंकली.

एक कोपरा चावला गेला होता, तिथं शाहनवाजनं ठिगळ शिवलं. रुपेशनं चिरलेली फळी बदलली. पण दोघांपैकी एकानंही भाता कधी चालताना पाहिला नव्हता. झडप आतून बसवायची की बाहेरून, यावर त्यांचं जुंपलं. हवा आत घेणारी ती चामड्याची छोटी पट्टी, पण सगळा जीव तिच्यात.

"बाहेरून," हसीना ठामपणे म्हणाली. "इतकी वर्षं वढलाय मी."

बाहेरून बसवली. भट्टीत नुसतीच गार राख होती. तिनं दांडा ओढला, सोडला. भात्यानं फुंकायच्या ऐवजी नळीतून राखच आत ओढून घेतली आणि झडपेतून बाहेर फेकली, ती नेमकी तिथं वाकून बघणाऱ्या रुपेशच्या तोंडावर. रुपेशच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. शाहनवाज हसता हसता भिंतीला टेकला.

"वढत व्हते रं," हसीना ओढणीनं त्याचं तोंड पुसत म्हणाली, "आत डोकावून कोण बघतंय!"

झडप आतून बसवली. या खेपेला नळीतून भरघोस वारा आला आणि समोरची राख उडाली. हसीना तशीच ओढत राहिली, राख संपली तरी.

महिना सरला आणि वली काळा चष्मा लावून परत आला. डॉक्टरांनी भट्टीजवळ बसायची परवानगी दिली होती, हातोड्याला मात्र अजून मनाई होती. दारातच तो थबकला.

"ह्ये काय काढलंस? घरात वीज आसताना?"

तेवढ्यात डिंगोऱ्याची गोजरबाई आली. कांद्याची खुरपणी सुरू होती आणि तिच्या खुरप्याची धार गेली होती.

"आठ दिसांनी या, मावशी," वली म्हणाला. "हातोडा बंद हाये."

"तुमचा बंद हाये," हसीना म्हणाली आणि तिनं कोळसा पेटवला. "माझा न्हाई. तुमी तिकडं धुराच्या अंगाला नका बसू. हिकडं बसा, दांडा धरा."

वली इतका चकित झाला की खरंच बसला. त्यानं पैलवानासारखा हिसका दिला. ठिणग्या उडाल्या.

"आवो, जोर नका लावू! झोपलेल्या माणसाच्या श्वासावाणी, सावकाश."

दोन-चार हिसक्यांनंतर त्याचा हात लागला. भाता संथ उसासू लागला, निखारे लाल झाले. वलीनं कान टवकारले. त्या आवाजात त्याला बायकोच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या.

"मंचरला," तो म्हणाला, "कशिशची सासू आशी घोरती..."

"घोरती?"

"पलीकडचं शटर वाजतं गं!"

आणि मग तो सुटलाच. कशिशच्या घरची भाजी, जावयाची नवी गाडी, दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, असं महिनाभराचं साठलेलं सगळं बाहेर पडू लागलं. हसीना सांडशीत खुरपं धरून ऐकत राहिली, हसत राहिली. खुरपं पिवळंधमक झालं तरी भान नाही.

"आगं ए!" गोजरबाई ओरडली. "बोलता बोलता माझं खुरपं जाळशाल की!"

हसीनानं झटकन ते ऐरणीवर घेतलं. पहिला घाव वाकडा बसला, दुसरा सरळ. वली जागेवरूनच "डावीकडं, डावीकडं" करत होता, आणि ती "दिसतंय मला" म्हणत उजवीकडं मारत होती. मग पाणी दिलं. चर्रर्र आवाज झाला. गोजरबाईनं अंगठ्यानं धार पाहिली आणि पिशवीतून दुसरं खुरपं काढून पुढं केलं.

पुढं वलीला हातोड्याची परवानगी मिळाली. कुदळी, पहारी त्याच्याकडं, त्यांच्यासाठी ब्लोअर. पण गोजरबाईनं गावात सांगितलं आणि खुरपी घेऊन येणाऱ्या बाया आता "हसीनाभाभी हायेत का?" असंच विचारतात. तेव्हा वली ब्लोअर बंद करतो, हात पुसतो आणि भात्यापाशी येऊन बसतो.

"काल काय सांगत व्हतीस?" तो विचारतो.

"सांगते," हसीना म्हणते. "आधी वढा, कोळसा इझतोय."