मिरीच्या मागचा ओंडका

मी ओंडका बोलतोय. चुलीसाठी फोडतात तो नव्हे. मी घोड्यांच्या शिकवणीतला. तरुण घोड्याला एकदम गाडीला जुंपत नाहीत. आधी साज चढवून नुसतं फिरवतात आणि मग त्याच्यामागे साखळ्यांनी मला बांधतात. मी खरखरत मागून निघालो की घोड्याला वाटतं, काहीतरी आपल्या पाठीस लागलंय. ते आपल्याला काही करत नाही, हे एकदा त्याला पटलं की निम्मं शिक्षण झालं. थोडक्यात, भेडसावणं हे माझं काम. पण स्वभावाने मी गरीब आहे.

मूळचा मी रस्त्याकडेच्या झाडाचा बुंधा. वादळात झाड पडलं आणि लोक फांद्या घेऊन गेले. मी राहिलो. घोडे शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने मला पायाने ढकलून पाहिलं आणि म्हणाला, "जड आहे, पण समजूतदार दिसतो." त्याने माझी साल तासली, एका टोकाला लोखंडी कडी ठोकली आणि मला आपल्या मैदानात आणून टाकलं. तेव्हापासून माझी ओळख घोड्यांच्या मागच्या पायांशी. तोंडं मला फारशी ठाऊक नाहीत. पण कोण भित्रा, कोण आळशी, कोण नुसताच आव आणतोय, हे मला टापांवरून कळतं.

म्हाताऱ्याने चाबूक कधी वापरला नाही. त्याचा सगळा कारभार आवाजावर. साजातल्या घोड्याच्या डोळ्यांना झापडं असतात, त्याला मागचं दिसत नाही. लगाम धरून मागून चालणाऱ्याचा आवाज हाच त्याचा भरवसा. म्हातारा हळूच "चल" म्हणाला की घोडा चाले, "थांब" म्हणाला की जागच्या जागी उभा राही.

आणि नेमकं त्याच्या घशाचंच दुखणं निघालं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, घसा भरून येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही.

तेव्हा मिरी शिकायला आली होती. काळी, ठेंगणी, रुंद छातीची घोडी. तिचा मालक रोपवाटिका चालवायचा. तो म्हणाला, "मला रोपांची गाडी ओढणारी घोडी हवी आहे, नाचणारी नको. जमलं तर बघा, नाहीतर विकून टाकतो."

म्हाताऱ्याचा मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मग लगाम आला सुनेच्या हातात. तोवर ती घोड्यांचं चारापाणी बघायची, तबेला झाडायची. घोड्यांची तिला भीती नव्हती. अडचण वेगळीच होती. घरात हुकूम सोडायची तिला सवयच नव्हती. "वाढू का? जाऊ का? दार लावलं तर चालेल ना?" असंच तिचं बोलणं.

घोडीशीही तेच. "थांबतेस का गं, मिरी? थांब ना जरा." मिरी कान हलवायची, विचार केल्यासारखं करायची आणि चालतच राहायची. मीही खरखरत मागोमाग.

"बाबा, ही मला मोजतच नाही," सून म्हणायची. म्हातारा एक बोट वर करायचा. एकच शब्द, एकदाच.

"आणि नाही ऐकलं तर?"

म्हातारा आवाज न करता हसायचा.

एका सकाळी तो मिरीच्या तोंडाशी दोरी धरून उलट्या पावलांनी चालत होता, सून मागे लगाम धरून. मैदानाच्या कोपऱ्यावर वळताना मी एका दगडाला अडकलो. साखळी ढिली पडली आणि मिरीचा मागचा पाय साखळीपलीकडे गेला. पायांच्या मधोमध लोखंड लागल्यावर ती उसळली. दोरीला हिसका बसला आणि म्हातारा पाठीवर आपटला, तिच्या पुढच्या टापांसमोर. ओरडायला त्याला आवाज नव्हता.

मिरीच्या मांड्या ताठ झाल्या. आता ती पुढे झेपावणार, हे मला साखळीतून कळलं. तिने झेप घेतली असती तर म्हातारा तुडवला गेला असता आणि तिचा पायही गेला असता.

"थांब."

सून एवढंच म्हणाली. चढ्या आवाजात नाही. त्यात विनवणी नव्हती, "गं" नव्हता, "ना" नव्हता.

मिरी थांबली. नखशिखांत थरथरत होती, पण जागची हलली नाही. सून लगाम सैल न सोडता पुढे आली. तिने माझ्या कडीतून साखळी सोडवली, मिरीचा पाय उचलून अलीकडे घेतला आणि मगच म्हाताऱ्याकडे धावली.

तो उठून बसला. कपड्यांची माती झटकली, हातपाय हलवून पाहिले. मग त्याचा घोगरा, फाटका आवाज आला, "मिरीला आत्ताच सोडू नकोस. दोन पावलं चालव, मग..."

"बोलू नका," सून म्हणाली. अगदी त्याच सुरात.

म्हातारा चटकन गप्प झाला. आधी तिला हसू फुटलं, मग त्याला, तेही तोंडावर हात ठेवून. मग तिने पुन्हा साखळी अडकवली, "चल" म्हणाली आणि मिरीने मला दगडावरून अलगद काढलं.

पुढे मिरी रोपवाटिकेत गेली. मालक आला की सांगतो, माणसं कुंड्या चढवत असतात तेव्हा ती अजिबात हलत नाही. म्हाताऱ्याचा आवाज परतला, पण बसकाच राहिला. आता तो कुंपणाशी खुर्ची टाकून बसतो. शिकवते सून. अजूनही घरात ती "वाढू का?" विचारते, मैदानात मात्र नाही.

मी बराच झिजलोय. खालची बाजू गुळगुळीत झालीय, वजन उतरलंय. थोराड घोडे मला खेळण्यासारखं ओढतात. तबेल्यामागे नवा बुंधा सुकतोय. माझं मागणं एवढंच, की मला लगेच सरपणात घालू नका. ज्यांना हलकाच ओंडका लागतो असे कोवळे घोडेही येतातच की.

आजही एक आलाय. पांढऱ्या पायांचा, टापा उचलून उचलून टाकणारा. भित्रा आहे, आव आणत नाही, हे बरं. सुनेने कडीत साखळी अडकवली. येतो मग.