काळ्या चौकटीतलं निमंत्रण

ओस्त्रेवो गावच्या कलासंग्रहालयात दर गुरुवारी संध्याकाळी काही ना काही असतंच. कधी व्याख्यान, कधी जुना सिनेमा, कधी नुसतीच वाइन आणि गप्पा. कार्यक्रम कसलाही असो, माणसं तीच, बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली निम्मी वाइनसाठी येतात, दोघी म्हाताऱ्या उबेला येतात, आणि एक निवृत्त दंतवैद्य वक्त्याच्या चुका काढायला येतो. पहिल्या रांगेत बसतो एव्लोगी पांचेव. वय अठ्ठ्याहत्तर, धंदा चित्रकाराचा. गावातल्या दोन पिढ्यांना त्यानं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टाळ्या पिटल्यावर एकदाचा या गुरुवारी त्याचा स्वतःचा कार्यक्रम ठरला होता: पडद्यावर चित्रं, आणि मग चित्रकाराशी गप्पा.

गर्दीची त्याला हौस नव्हती असं कसं म्हणावं? पण मनातून त्याला एकच माणूस हवं होतं. त्याची मुलगी नेवेना. ती प्लेवेनला राहायची, बसने दोन तासांवर, आणि सहा वर्षं बापाशी एक अक्षर बोलली नव्हती. तिची आई हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा हे महाशय राजधानीत, सोफियात, स्वतःच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करत होते. "उद्या निघतो," असं त्यानं फोनवर सांगितलं. उद्घाटन झालं, मेजवानी झाली, कुणी बडा माणूस चित्रं बघायला येणार म्हणून आणखी एक दिवस गेला. तो पोचला तेव्हा बायकोच्या कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती. नेवेना तिथंच म्हणाली, "यापुढे तुमच्या कुठल्याही कार्यक्रमाला मी येणार नाही." आणि आली नाही.

"तिला निमंत्रण धाडलंस ना?" एव्लोगी रोज फोन करून पावलिनाला विचारायचा. संग्रहालयाचे कार्यक्रम ही पावलिना सांभाळते. खुर्च्या मांडण्यापासून माइक फुंकून बघण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात.

"धाडलं, मास्तर."

"काही उत्तर?"

"पोस्टाचं काय सांगावं हल्ली," पावलिना म्हणायची. उत्तर येणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण म्हाताऱ्याचं मन कोण मोडणार?

घोळ झाला तो जाहिरातीचा. ती पावलिनानं सोफियात शिकून आलेल्या भाच्याकडून करून घेतली. भाचा पडला नव्या वळणाचा. त्यानं मास्तरांचा काळा-पांढरा फोटो घेतला, भोवती जाड काळी चौकट ओढली, खाली ठळक नाव, जन्माचं साल आणि पुढे एक लांब रेघ. मग गुरुवार, सहा वाजता, कलासंग्रहालयाचं मोठं दालन. चित्रं आणि गप्पांची गोष्ट तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. मोठा कागद परवडत नव्हता म्हणून वहीच्या पानाएवढाच छापला. रखवालदारानं तो विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर आणि बेकरीच्या दारावर चिकटवला. नेमकं तिथंच, जिथं गावात कुणी मेलं की त्याच्या फोटोचे काळ्या चौकटीतले कागद लागतात.

आता आमच्याकडे पाव घ्यायला निघालेला माणूस त्या कागदांवरचा चेहरा बघतो, "अरेरे, हाही गेला" म्हणतो आणि पुढे जातो. तळातली मुंगी कोण वाचतो? शिवाय मोठा कलावंत गेला की त्याला शेवटचं बघायला नाटकगृहात नाही तर संग्रहालयातच ठेवतात. त्यामुळे जागाही चपखल बसली. पावलिनाला तो कागद फार आधुनिक वाटला. आणि एव्लोगीचे गुडघे धरलेले, घर चौथ्या मजल्यावर, तो आठवडाभर खाली उतरलाच नव्हता. त्याचा फोनही वाजला नाही. मेलेल्याला फोन कोण करणार?

गुरुवारी भाच्यानं त्याला गाडीत घालून मागच्या दारानं आत आणलं. दालनामागच्या खोलीत टाय सारखा करत एव्लोगीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तो भिंतीला टेकलाच. दालन खच्चून भरलेलं. भिंतीकडेनं माणसं उभी. त्याचे जुने विद्यार्थी, बेकरीवाली, बँकेतला कारकून, आणि जन्मभर त्याच्यावर जळणारा चित्रकार स्पिरिदोनसुद्धा, हातात भाषणाची चळत घेऊन. सगळ्यांच्या हाती फुलं.

"पावलिना, हे सगळे माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच, मास्तर!" पावलिनाचे डोळे भरून आले होते. एवढी माणसं तिनं या इमारतीत कधी पाहिलीच नव्हती.

"सगळे काळ्या कपड्यांत का गं?"

"नीटनेटके आलेत. तुमचा मान राखलाय."

मग त्याला ती दिसली. दाराजवळच्या खुर्चीवर, डोक्याला काळा रुमाल, मांडीवर पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ, डोळे रडून सुजलेले. नेवेना. आली! सहा वर्षांनी पोर आली, आणि माझ्यासाठी रडतेय! पाठ केलेलं भाषण त्याच्या डोक्यातून पार उडालं. त्यानं पडदा सारला आणि तो हसतहसत बाहेर आला.

पहिल्यांदा किंचाळली ती बेकरीवाली. तिच्या हातातला साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा फरशीवर पडला. मेलेल्याच्या नावानं वाटायचे ते गहू. कुणी छातीवर क्रॉस काढला, कुणी म्हणालं, "अरे, हा तर चालतोय!" एव्लोगी जमिनीवरच्या गव्हाकडे बघत राहिला. मग एकानं खिशातून तो काळ्या चौकटीचा कागद काढून त्याच्यापुढे धरला, आणि त्याला सगळं कळलं.

मग हशा पिकला. लोकांनी त्याची पाठ थोपटली, गालांचे मुके घेतले.

"शंभर वर्षं जगशील, लेका!" स्पिरिदोन म्हणाला. "पण माझी रात्र फुकट गेली. एवढं चांगलं मी तुझ्याबद्दल जन्मात लिहिलं नव्हतं."

"मग वाच की."

"छे! तुझ्या तोंडावर?" स्पिरिदोननं कागद घडी करून खिशात घातले. "असू देत. लागतील."

"थांबा हं सगळ्यांनी!" पावलिना माइकवर ओरडत होती. "मास्तर चित्रं दाखवणार आहेत! वाइन आहे!"

पण लोकांना एकदम घरं आठवली. कुणाचं पोर शिकवणीहून आणायचं होतं, कुणाचं सार चुलीवर होतं. शवपेटीशेजारी तासभर उभं राहायच्या तयारीनं आलेली माणसं फुलं टेबलावर ठेवून भराभर पांगली. मान राखला तो मेलेल्याचा. उरला दंतवैद्य, उबेच्या म्हाताऱ्या, वाइनवाले. आणि दाराजवळ नेवेना.

एव्लोगी गुडघे सावरत तिच्यापाशी गेला.

"नेवे."

"तुमच्या शेजारणीनं फोनवर तो कागद पाठवला," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मिळाली ती बस पकडली."

"बरं केलंस. माझ्या ध्यानीमनी नव्हतं गं, शपथ."

"तुम्ही मुद्दाम केलं नाही, ते कळतंय मला." तिनं नाक पुसलं. "दोन तास रडले मी बसमध्ये, बाबा. आईचं ते सगळं माफ करून टाकलं. पार मोकळी होऊन आले होते."

"मग तसंच राहू दे ना, पोरी."

"बघितलं राहतंय का. तुम्ही पडदा सारून हसत आलात ना, तसं मला आईचं हॉस्पिटल दिसलं. सोफियातही असेच हसत असाल." ती उठली. "मेलेला बाप मी माफ केला होता. तुम्हाला नाही जमत. खरंच नाही जमत."

"नको करूस माफ. पण येत जा कधी. म्हातारा झालोय मी. आज ना उद्या तो कागद खरा लागेल..."

"लागेल तेव्हा लागेल." तिनं शेवंती खुर्चीवर ठेवली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "तुमच्या मयताला मी आज येऊन गेले, बाबा. पुन्हा नाही यायची."

दार बंद झालं.

पावलिना बादली घेऊन फुलं गोळा करत होती. मेलेल्याला दोन, चार, सहा अशी जोडीनं फुलं द्यायची आणि जिवंताला तीन, पाच, सात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अपशकुन नको म्हणून ती प्रत्येक गुच्छातलं एकेक फूल उपसून बाजूला टाकत होती. खुर्चीवरची शेवंती तिनं उचलली आणि एक देठ चिमटीत धरला.

"हात नको लावूस," एव्लोगी म्हणाला.

"सहा आहेत, मास्तर. बरं नाही दिसत."

"सहाच असू देत. ती येऊन गेली."

त्यानं गुच्छ तिच्या हातातून घेतला, पहिल्या रांगेतल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि तो मांडीवर ठेवला. मागून दंतवैद्यानं विचारलं, "काय हो, कार्यक्रम आहे की नाही?"