पितळी कंट्रोलर

लेथवर उभं राहून माणूस दमत न्हाय, धाकट्या भावामुळं दमतो. हे मी अख्ख्या उद्यमनगरात कुणालाबी सांगायला तयार हाय. आमचं शेड एवढंसं. एक लेथ, एक ड्रिल आणि मी बाळासो. बाप गेल्यापासनं हे शेड माझ्या गळ्यात. पंपाची बुशिंगं करायची, उसाच्या चरकाचे रोलर करायचे, संध्याकाळी कपडे झटकायचे, सकाळी परत तेच. आणि भाऊ कृष्णात. डोकं असं की इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगंल. पर एका कामावर धड बसंल तर शपथ! आज शिवणयंत्राची मोटार कर, उद्या आणि काय कर. आणि ते सगळं करायचं कुणी? तर दादानं.

शहाऐंशी सालच्या नवरात्रात हंबीरराव आमच्या शेडात आले. माणूस मूळचा मुरगूडचा, पर पुण्यात शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचा त्यांचा मोठा कारखाना. बरोबर लाल जपानी गाडी. टर्बोची. आता टर्बो म्हंजे काय, तर इंजिनाच्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. जितकी हवा जास्त तितकी ताकद जास्त. पर हवा लईच कोंबली तर इंजिनच फुटायचं. म्हणून दाब वाढला की धूर बाजूला सोडायला एक झडप असते. ती झडप हंबीररावांना जरा उशिरा उघडायला हवी होती. त्येला लागतो कंट्रोलर, आणि तो मिळणार परदेशात.

"परदेशात कशाला? हितंच करतो की," कृष्णात म्हणला.

हंबीरराव त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणले, "गाडी ठेवून जातो. दसऱ्याला सकाळी येईन, पन्हाळ्याच्या चढाला चालवून बघू. जमलं तर तू माझ्याबरोबर पुण्याला चल. तुझी जागा तिथं आहे."

खरं सांगू? ती नोकरी कृष्णातपेक्षा मलाच जास्त हवी होती. त्याला मिळावी म्हणून. माझं आयुष्य ह्या लोखंडाच्या किसात गेलं, त्याचं जाऊ नये. एकानं तरी हितनं सुटावं.

म्हणून मी गप लेथला पितळेचा रॉड लावला. बोटाएवढा तुकडा, आत भोक, भोकात सायकलच्या हबमधली एक गोळी, गोळीवर स्प्रिंग, वर स्क्रू. स्प्रिंग गोळीला दाबून धरणार. दाब ठरल्याएवढा झाला की गोळी मागं सरणार, हवा पुढं जाणार आणि झडप उघडणार. सगळा खेळ त्या गोळीचा. ती बसते ती जागा आरशागत गुळगुळीत पाहिजे, म्हणून कृष्णातनं मला किती तुकडे फेकायला लावले ते मोजलंच न्हाय.

"तुझ्या बापानं केलतं का असलं काम?" मी वैतागून वरडलो.

"आपल्या बापानं," कृष्णात शांतपणी म्हणला. "अजून जरा घास, दादा."

पर करून दाखवलं पठ्ठ्यानं. पेंटरच्या कंप्रेसरचं दाबाचं मीटर आणून गाडीत बसवलं, त्यावर लाल खूण केली आणि मला घेऊन गाडी केर्लीच्या रस्त्याला काढली. काटा चढत चढत खुणेवर आला आणि तिथंच थांबला. परत पळवली, परत तिथंच. गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. मी मोठ्यानं हसलो. किती दिवसांनी हसलो कुणास ठाऊक.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात सगळी हत्यारं पूजेला बसतात. पाने, छिन्न्या, मायक्रोमीटर, सगळं धुऊनपुसून पाटावर, वर झेंडूची फुलं. दसऱ्याची आरती होऊन पूजा उठंपर्यंत साधा पानासुद्धा उचलायचा न्हाय. पूजेची मालकीण आमची आई बनाबाई. गल्ली तिला आक्का म्हणते, म्हणून आम्हीबी आक्काच म्हणतो.

"ती नवी वस्तू कुठं हाय?" आक्का म्हणली. "पोराच्या हातची पहिली वस्तू, पूजेला नको व्हय?"

"अगं, ती गाडीत बसवल्या. गाडीला हार घाल की," मी म्हटलं.

"तू गप रं, लई शाणा!"

कृष्णातनं हसत हसत कंट्रोलर सोडवला आणि तिच्या हातात दिला.

दसऱ्याला हंबीरराव आरतीच्या आधीच दारात हजर. आक्कानं घाईघाईनं आरती केली, पूजा उठवली आणि कंट्रोलर पदरानं पुसून कृष्णातच्या हातावर ठेवला. सोन्यागत चमकत होता.

"आक्का, घासलास व्हय?" कृष्णातनं विचारलं.

"मग? काळा ठिक्कर पडलता."

"एकदा उघडून बघ," मी म्हटलं. पर बाहेर हंबीररावांनी हॉर्न मारला आणि कृष्णात म्हणला, "परवाच चालवलाय की, दादा." बसवला आणि निघालो. हंबीरराव गाडी चालवायला, शेजारी मीटर बघत कृष्णात, मागं मी.

वाघबीळ आलं आणि चढ लागला. हंबीररावांनी पाय दाबला. काटा चढला, खुणेवर आला आणि थांबलाच न्हाय. खूण वलांडून वर चालला. इंजिन भन्नाट वरडत होतं. हंबीररावांची नजर रस्त्यावर, त्यांना तर लई भारी वाटत होतं. "वा!" म्हणले. कृष्णात गप बसला असता तर आणि थोडा वेळ त्यांना कळलंबी नसतं.

"पाय काढा!" कृष्णात वरडला. "सायब, काढा पाय!"

गाडी कडंला थांबली. कृष्णातनं बॉनेट वर केलं, चटकं सोशीत कंट्रोलर काढला, स्क्रू सोडला आणि तुकडा हातावर उपडा केला. गोळी पडंना. मी वाकून बघितलं. आत गोळीभोवती पांढरं चिकट कायतरी वाळून बसलतं, त्यात तुळशीच्या पानाचा तुकडा. वास घेतला. दूध आणि मध.

माझ्या डोक्यात उजेड पडला. देव्हाऱ्यातले देव पितळेचे, ही वस्तूबी पितळेची. आक्कानं देवांबरोबर हिलाबी चिंच लावून घासलं आणि पंचामृताची आंघोळ घातली! लोखंडाच्या पान्याला तिनं पाण्याचा थेंब लागू दिला नसता, गंजंल म्हणून. पर पितळ म्हंजे तिच्या लेखी देवच.

"लावायच्या आधी उघडून बघितला होतास?" हंबीररावांनी विचारलं.

"न्हाय."

"का?"

मी तोंड उघडलं, "अहो, त्याचं काय झालं, आमची आई—" तवर कृष्णातनं माझं मनगट असं आवळलं की बोलणं तोंडातच राहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणला. "बघायला पाहिजे होतं."

हंबीरराव चिडले न्हाईत. चिडले असते तर बरं झालं असतं. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणले. "पण माझ्या गाडीत माणूस बसतो, कृष्णात. न बघता वस्तू लावणारा मला चालणार नाही."

कंट्रोलरच्या जागी त्यांची जुनी नळी जोडून दिली. त्यांनी आम्हाला घरापर्यंत सोडलं आणि गेले. दारात मी कृष्णातला धरला. "का रं बोलू दिलं न्हाईस मला?"

"आणि काय सांगणार होतास? पुण्यात कारखानाभर माणसं हसली असती, म्हातारीनं कंट्रोलरला न्हाऊ घातलं म्हणून. माझ्या आईला कुणी हसायचं न्हाय."

आत आलो. आक्का चुलीपाशी होती. मी ठरवलंच होतं, आज काय ते बोलायचं. तिनं कृष्णातच्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं रं? पुण्याचं?"

"न्हाय जमलं, आक्का. त्यास्नी दुसरा कोण गावला."

तिनं दोन्ही हात जोडले आणि रडायलाच लागली. "ऐकलं गं बाई माझं! बाळासो, काल पूजेत अंबाबाईला हेच मागितलतं मी. म्हटलं, पोराच्या वस्तूला यश दे, पर पोराला माझ्यापासनं नेऊ नको."

मी तांब्यातलं पाणी घटाघटा प्यालो. कृष्णात तिच्याजवळ खाली बसला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणला, "ऐकलं बघ तिनं." आवाज जरासुद्धा हलला न्हाय त्याचा.

मग बाहेर येऊन तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. गल्लीतली पोरं आपट्याची पानं घेऊन आली, आम्ही दोघांनी त्यास्नी सोनं दिलं.

"दादा," तो म्हणला, "उद्या शेड किती वाजता उघडायचं?"

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मनाला येईल तवा यायचा, मी शिव्या घालायचो.

"आठला," मी म्हटलं.