मापाची जाहिरात

जाहिरात तीनदा वाचल्यावर रौदाची खात्री पटली की ती कुणाच्या तरी मापाने बेतून शिवलेली आहे. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, ती काम करत होती त्याच संस्थेत पोस्टडॉकची एकच जागा निघाली होती, दोन वर्षांची. अटी अशा: उमेदवाराने जिवंत विंचवाचं विष स्वतःच्या हाताने काढलेलं असावं, आणि मूत्रपिंडाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता याव्यात.

विंचू म्हणजे वज्दी. शेजारच्या टेबलावरचा. चिमट्यात विंचू धरून त्याला विजेचा हलका झटका देऊन विष काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेशी मात्र रौदाच्या. पण मागच्या उन्हाळ्यात हाच वज्दी रोज फ्रिकासे, म्हणजे तळलेले भरले पाव, खाऊ घालून तिच्याकडून पेशी वाढवायला शिकला होता. फुकट कोण खाऊ घालतं? तिला आता त्या एकेका घासाचा अर्थ लागला.

तिने अर्ज केला नाही. ठरलेल्या वरातीत नाचायला कोण जाईल? महिनाअखेर तिची सध्याची नेमणूक संपत होती. पुढे मेहुण्याच्या औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बाराची मुदत असताना, साडेअकराला वज्दी म्हणाला, "मकरूद कधी देतेस, डॉक्टरीणबाई?"

"मी कशाला? जागा तुझी, मिठाई तुझी."

"माझी? अगं, पेशींची अट काय माझ्यासाठी घातली?"

"मी शिकवल्या ना तुला."

"आणि विंचू मी शिकवले तुला. विष काढल्याच्या नोंदवहीत तुझी सही आहे, अकरा वेळा. मी तेव्हाच म्हटलं, ही बया एवढ्या हौसेने विंचू का धरतेय?"

रौदाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अर्ज किती तारखेला केलास?"

"केलाच नाही. तू?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. गप्प राहून, घरी जाऊन, एकटीनेच अर्ज करता आला असता; घर दहा मिनिटांवर होतं. वज्दीही तिच्याकडे अगदी त्याच नजरेने पाहत होता.

तेवढ्यात त्यांचे प्रोफेसर मुन्सिफ, ज्यांना सगळे आदराने 'सी मुन्सिफ' म्हणत, कॉफी घेऊन आत आले. "दोघांपैकी एकाचाही अर्ज नाही. मी दोघांची कामं जोडून जाहिरात लिहिली, म्हणजे निवड मला करावी लागू नये, समितीने करावी. तर तुम्ही हात बांधून बसलात?"

"आम्हाला वाटलं ठरलेलं आहे, सी मुन्सिफ," रौदा म्हणाली.

"या देशात तसा संशय घेण्याची सवय वाईट नाही," म्हणत ते निघून गेले.

बाराला दहा कमी असताना दोघांचे फॉर्म भरून तयार होते. पाठवायचं कुणी आधी, यावर आणखी तीन मिनिटं गेली. शेवटी तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम बटण दाबायचं ठरलं.

"एक," रौदा म्हणाली. "दोन." आणि तिने दाबलं.

मग तिने मान वळवली. वज्दीच्या पडद्यावर "अर्ज मिळाला" आधीच झळकत होतं.

"मी तीन कुठे म्हटलं?"

"ओळखतो मी तुला."

ती हसली नाही. "मुलाखतीत विचारलं, पेशी कुणी शिकवल्या, तर सांगशील?"

"विंचू कुणी शिकवले ते तू सांगितलंस तर."

रौदाने नोंदवही ओढली आणि मुलाखतीत पुरावा असावा म्हणून स्वतःच्या अकरा सह्यांच्या पानाचा फोटो काढून ठेवला.