गारवा खोलीतली बाळंतीण

अकराव्या दिवशी सकाळी कुंदाबाईंनी रोजच्यासारखं सुनेला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, तीवर ओव्याची चिमूट टाकली आणि खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली. बाहेर मे महिना होता. मुक्ताईनगरकडच्या त्या केळीच्या गावात नऊलाच छपरांचे पत्रे उन्हानं वाजायला लागत.

"कान बांध व नीट. वारं शिरलं तं जलमभर बोंबलशीन."

"आई, थोडं पाणी द्या."

"आता तं देल्लं वाटीभर! बायंतिनीनं पानी ढोसलं का पोट सुटते. माहे चार बायंतपनं झाले, मले कोनी तांब्या देल्ला का?"

कुंदाबाई काही दुष्ट नव्हत्या. गल्लीतल्या वीसेक बाळंतिणी त्यांच्याच हाताखालून गेल्या होत्या आणि लेकीसुना त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. भीती वाटावी ती नेमकी याचीच. मयुरी जळगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. दवाखान्यातून निघताना नर्सनं भरपूर पाणी प्यायला बजावलं होतं. कुंदाबाईंनी तेव्हा मान हलवली आणि घरी आल्यावर पंख्याची वायर काढून ठेवली. नवरा हितेंद्र केळीच्या गाडीबरोबर दिल्लीला गेलेला. घरात बोलायचं तरी कुणाशी?

ती लेकीकडे बघत बसली. बघणं एवढंच तिच्या हातात होतं. पहाटेपासून लंगोट कोरडा होता. छातीशी लावलं की पोर चार घोट ओढायची, काही मिळेना म्हणून तोंड फिरवायची, आणि आता तर रडतही नव्हती. मयुरीनं टाळूवर बोट ठेवलं. टाळू आत गेली होती.

गेल्या उन्हाळ्यात याच बाजेवर धाकटी जाऊ, योगराजची बायको चारुलता होती. आठव्या दिवशी ती बरळायला लागली, नवव्या दिवशी गेली. "ताप चढला," घरानं सांगितलं, गावानं ऐकलं. तिचं पोर आता चाळीसगावला आजोळी वाढत होतं. पण त्या आठव्या दिवशी दुपारी तिनं तीनदा पाणी मागितलं होतं, आणि भरलेला तांब्या घेऊन निघालेली मयुरीच होती. कुंदाबाईंनी दारात अडवलं. मयुरीनं तांब्या परत नेला. वर्षभर रोज ती तो तांब्या परत नेत होती.

बाराला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. आवाज सासऱ्यांचा, सरपंच जीवराम नानांचा. "गावकऱ्यांना नम्र विनंती. बारा ते चार कोणीही उन्हात फिरू नये. तहान नसली तरी पाणी पीत राहावं. घरात हवा खेळती ठेवावी. म्हातारे, मजूर यांनी पंचायतीच्या गारवा खोलीत बसावं."

काम नानांनी खरंच केलं होतं. छपरांना चुना, केळीकापणीच्या मजुरांना अकराला सुट्टी, वाळ्याचे ओले पडदे लावलेली गारवा खोली. आज त्यासाठी जिल्ह्याची समिती यायची होती. सगळ्या गावाला गार करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र शेगडी धगधगत होती, आणि ते त्यानं दोन वर्षांत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

मयुरीनं पोर पदराखाली घेतलं आणि दार उघडलं.

"कुठी चालली व?" ओट्यावरून कुंदाबाई किंचाळल्या. "अजून बारा दिस नही झाले! गावाले विटाय करशीन का?"

"करते," मयुरी म्हणाली आणि उन्हात उतरली.

गारवा खोलीतले म्हातारे विटाळाच्या धाकानं भिंतीला सरकले. आरोग्यसेविका तानुबाईनं मात्र पोर हातात घेतलं, टाळू पाहिली आणि शिवी हासडली. "कोन बाईनं कोंडलं व तुले? पी आधी!" मयुरी प्याली. रांजणातून तांब्यामागून तांब्या प्याली. मग पाजलं, पुन्हा प्याली. तानुबाईनं दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी यायच्या आतच पोरीनं मयुरीची मांडी ओली केली. ती ऊब अंगाला लागली. आता ती दुसऱ्या कामाला मोकळी झाली.

तेवढ्यात समितीच्या मॅडमना घेऊन नाना आत आले. हातात उन्हाळ्याची नोंदवही. "पाहा मॅडम, गेल्या उन्हाळ्यात उष्माघाताचे मृत्यू शून्य."

"एक आहे, नाना."

नाना थबकले. मग हसले. "ही आमची मोठी सून. बायंतीन हाये. ऊन चढलं डोक्यात."

"खोलीत चढलं नाना, रस्त्यात नाही." आणि मयुरीनं चारुलताचं सगळं सांगितलं. शेगडी, गोधडी, वाटी. आपला तांब्याही लपवला नाही. "मी परत नेला. माझंही नाव त्यात आहे. पण आधी तिचं लिहा. तुमच्या हातानं. नाही तर भोंग्यावरून मी सांगते."

मॅडमनी हातातली वही परत नानांपुढे सरकवली.

नानांनी पेन उघडलं. 'चारुलता योगराज' लिहिलं. पुढच्या रकान्याशी हात थांबला. गावातल्या एकेका रोपाचा हिशेब तोंडपाठ असलेल्या माणसानं मान वर केली. "वय?"

"चोवीस."

कारणाच्या रकान्यात त्यांनी 'ताप' लिहिलं.

"खोडा ते."

नानांनी खोडलं.

"उष्माघात. घरात, बंद खोलीत, पाणी न दिल्यानं. पूर्ण लिहा."

नाना एकेक अक्षर काढत लिहीत होते. मयुरीला कीव आली नाही. अजून सावकाश लिहावं, असंच तिला वाटलं.

बातमी घरी पोचली होती. कुंदाबाई अनवाणी धावत आल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "बुडवलं ना घराचं नाव? झालं तुहं मन शांत?"

"नाही."

"मले काय कयत होतं व? माह्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनं बी..."

"चारूला कळत होतं, आई. ती पाणी मागत होती."

खोलीत वाळ्यातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

"गल्लीतल्या वनाभाऊंची सून शीतल परवा बाळंत झाली," मयुरी म्हणाली. "तिची खोली तुम्हीच बंद केलीत. आता तुम्हीच उघडून या. शेगडी बाहेर काढा, तिच्या हातात भरलेला तांब्या द्या. तुमच्याशिवाय तिची सासू कुणाचं ऐकायची नाही."

"अन् काय सांगू तिच्या सासूले?"

"सांगा, माझ्या हातानं एक मेली."

कुंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. जीवराम नाना वहीतून डोकं वर काढेनात. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तानुबाई पोरीला घेऊन पुढे झाली. मयुरी उठली, पण दारातून सासू हलेपर्यंत तिनं पाऊल टाकलं नाही.

शेवटी कुंदाबाईंनी पदर डोक्यावरून ओढला आणि भर दुपारी वनाच्या घराची वाट धरली. रस्ता असा तापलेला की त्या टाचांवर, मग चवड्यांवर चालत होत्या. मयुरीच्या चपला दाराशीच होत्या. त्या घालून जा म्हणायला तिची जीभ उचलली नाही.