मागून आला तो मोठा

यतीनला आकाशातल्या ताऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाने मुलांचं विज्ञान प्रदर्शन ठेवलं आणि त्याच्या लेकीने, अनन्याने, नेमकी मिथुन रास निवडली. बाबा आणि काका जुळे, म्हणून. काळ्या पुठ्ठ्यावर तिने चांदण्या चिकटवल्या, वरच्या दोन मोठ्या, कॅस्टर आणि पोलक्स. आजीने नाशिकहून फोनवर सांगितलं, तेच आपलं पुनर्वसू, तुझा बाबा आणि काका त्याच नक्षत्रावर झाले. खाली तिने दोन मुलांचा जुना फोटो लावला. एकसारखे शर्ट, एकसारखे भांग. यातला तू कुठला, असं तिने विचारलं, तर यतीनलाच सांगता येईना.

आईचीसुद्धा गफलत व्हायची. मोठा कोण, एवढं मात्र पक्कं होतं. यतीन आधी जन्मला, सिद्धेश मागून; आणि त्यांच्या घरात जुळ्यांमध्ये मागून येणाऱ्याला मोठा मानत, कारण म्हणे पोटात आधी तो राहिलेला असतो. झालं. एवढ्या समजुतीवर सिद्धेश घराला बांधला गेला. वडिलांचं आजारपण, आईचे गुडघे, सगळं मोठ्याच्या गळ्यात. धाकटे यतीनराव मोकळे. ते अमेरिकेला गेले, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर झाले, आणि भावाचं हे मोठेपण त्यांना फार सोयीचं पडलं.

मग सिद्धेशच्या दोन्ही किडन्या गेल्या. आईने फोनवर काही मागितलं नाही, नुसती रडली. यतीन म्हणाला, टेस्ट करून घेतो. महिन्याभराने त्याने कळवलं, मॅच होत नाही. लॅबची पायरीसुद्धा तो चढला नव्हता. कारणं त्याच्याकडे ढीगभर होती. कंपनीत माणसं कमी करत होते, रजा मिळणं कठीण होतं, बायको हिमानी घाबरली होती. खरं कारण एकच होतं, तो स्वतः भ्याला होता. ज्याला आपली कातडी वाचवायची असते त्याला कारणांची वानवा नसते.

प्रदर्शन शनिवारी सकाळी होतं. येईल त्याला अनन्या गोष्ट ऐकवत होती. कॅस्टर माणसांसारखा मरणारा, पोलक्स अमर. कॅस्टर मेला तेव्हा पोलक्सने आपलं अर्धं अमरपण त्याला देऊन टाकलं. मंडळातले जुने सर्जन, दिगंबर काका, कौतुकाने ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "माझे बाबापण काकाला किडनी देणार होते. बट दे डिडन्ट मॅच."

दिगंबर काकांनी फोटो पाहिला, मग यतीनकडे पाहिलं.

"आयडेंटिकल ना रे तुम्ही? मग मॅच होतेच. नाही म्हणून कुणी सांगितलं तुला?"

लॅबवाल्यांचा काहीतरी घोळ झाला असेल, असं यतीन पुटपुटला. वेळ मारून नेण्यात तो तसा पटाईत होता. पण अनन्याच्या मनात कसला संशय येणार? पोरगी हरखून गेली. बापाच्या खिशातला फोन काढून तिने तिथल्या तिथे नाशिकला लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती.

"काका, गुड न्यूज! तू आणि बाबा मॅच करता. डॉक्टरकाकांनी सांगितलं आत्ता."

सिद्धेश थकलेल्या आवाजात म्हणाला, "माहीत आहे, बाळा. इथल्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं मला."

दिगंबर काका मान खाली घालून चष्मा पुसू लागले.

"यतीन, ऐकतोयस ना?" सिद्धेशने आवाज खाली आणला. "आई आत आहे. तिच्यापुढे मॅच नाही हेच चालू दे. मीही तेच सांगत आलोय. तिला सोसायचं नाही ते. मोठा आहे ना मी, बघेन माझं."

येतो, एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द यतीनच्या जिभेवर आलाही होता, आणि अजून वेळ गेलेली नव्हती. अनन्याने फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

"तुझा आवाज तुटतोय रे," यतीन म्हणाला. "सिग्नल नाहीये इथे. नंतर करतो." आणि त्याने फोन बंद केला.

अनन्याने फोन उलटसुलट करून पाहिला.

"बाबा," ती म्हणाली, "सिग्नल तर फुल आहे."