दिव्यावरची पट्टी

धाकटी त्रेचाळीस वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली. घरात धाकटी, शेडमध्ये धाकटी. थोरला भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी मोठा आणि शाळेची पोरं नेणाऱ्या तिन्ही व्हॅन त्याच्या नावावर. आबांनी म्हातारपणी मुलाच्या हाती धंदा दिला आणि मुलीच्या हाती स्टिअरिंग. हुकूम त्याचा, राबणं हिचं. आता यात नवल ते काय, घरोघरी मातीच्या चुली!

पण गाडीच्या बाबतीत धाकटी कुणाच्या बापाला भीक घालत नसे. वेळ आली तर स्वतःच्या बापालाही नाही, पण ती वेळ अजून आली नव्हती.

रोज सकाळी गाडी काढण्याआधी तिचा नेम ठरलेला. इंजिन थंड असतानाच बॉनेट उघडायचं, डिपस्टिक फडक्यानं पुसून परत बुडवायची आणि तेल बघायचं. पाण्याची टाकी बाहेरूनच बघायची, कारण गरम झाकण उघडून थोरल्यानं एकदा मनगट भाजून घेतलं होतं आणि आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. चार टायर, आणि पाचवी स्टेपनी, जिची आठवण लोकांना पंक्चर झाल्यावरच येते. मग आत बसून चावी फिरवायची आणि समोरचे दिवे बघायचे.

"सगळे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत," ती सांगायची. "लागलाच नाही तो मुका, विझला नाही तो बोंबलतोय. पिवळा असेल तर लवकर दाखवायचा. लाल असेल तर तिथल्या तिथे थांबायचं." नंबर दोनचा ड्रायव्हर तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा. म्हणेना का! तिच्या गाडीनं आजवर कुणाला रस्त्यात उतरवलं नव्हतं.

त्या सोमवारी तिची नंबर एकची व्हॅन क्लचच्या कामासाठी मिस्त्रीकडे उघडी पडली होती. नंबर दोन आपल्या फेरीला निघून गेली होती. आणि नंबर तीनचा ड्रायव्हर, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो कंबर धरून घरी आडवा झाला होता. थोरल्यानं तीनची चावी तिच्यापुढे सरकवली.

"वरच्या वस्तीची चौदा पोरं आहेत. पावणेसातला पहिला थांबा. उतार तुला माहीत आहेच."

उतार कुणाला माहीत नव्हता? वस्ती वर, शाळा खाली. मध्ये दोन वळणं, एका अंगाला दगडी भिंत आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा.

शेडमध्ये अंधार होता. छताचा दिवा चार वर्षांपूर्वी गेला तो गेलाच, कारण तो बदलायला शिडी लागते आणि या घरात शिडीचं नाव काढायची सोय नव्हती. तीस वर्षांपूर्वी आबा शिडीवरून पडले, पाय मोडला, ते आजही काठी टेकत लंगडतात. आईनं तेव्हाच शिडीला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली कुठल्याशा डब्यात टाकली. आई गेली, किल्ली हरवली, शिडी मात्र कोपऱ्यात जन्मठेप भोगत उभी. घरातले लोक टेबलावर स्टूल आणि स्टुलावर डबा ठेवून जिवावर उदार होत, पण शिडीला हात लावत नसत.

धाकटीनं मोबाइलच्या उजेडात तेल बघितलं, टायर बघितले आणि आत बसून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, दिवे विझले. आणि त्या दिव्यांच्या रांगेत तिला ती दिसली. अंगठ्याच्या नखाएवढी काळी पट्टी, वायरीला गुंडाळतात ती.

या शेडची ती रीतच होती. दिवा विझेना, लाव पट्टी. "लोक बघतात आणि उगाच घाबरतात," थोरला म्हणायचा. "आबांनीच शिकवलंय." धाकटीनं आपल्या गाडीवरची पट्टी पहिल्याच दिवशी उपटली होती आणि मिस्त्रीकडे जाऊन बिघाड काढून घेतला होता. दुसऱ्यांच्या गाडीत तिनं नाक खुपसलं नव्हतं. ज्याचं तो बघेल, म्हणाली होती. आज मात्र तिला स्वतःचीच चीड आली. चौदा पोरं रोज या पट्टीच्या भरवशावर उतार उतरत होती, आणि म्हणे डॉक्टरीणबाई!

तिनं नखानं पट्टी खरवडून काढली. खाली लाल दिवा. गोल, आणि गोलात उद्गारचिन्ह. ब्रेकचा.

हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो. शेडची जमीन सपाट होती. तिनं हँडब्रेक पूर्ण खाली सोडला. दिवा ढिम्म. मग तिनं ब्रेकचं पेडल दाबलं आणि दाबून धरलं. पेडल आधी घट्ट लागलं, आणि मग तिच्या पायाखाली सावकाश खाली जात राहिलं, खाली, आणखी खाली.

तिनं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि उतरली. ब्रेकच्या तेलाची डबी खालच्या रेषेच्याही खाली. मागच्या डाव्या चाकाशी वाकून तिनं आतल्या बाजूला बोट लावलं, तर ओलं आणि चिकट.

"दादा!" तिनं हाक मारली. "ही गाडी जाणार नाही."

थोरला चहाचा कप घेऊनच आला. ओलं चाक बघितलं, उघडा दिवा बघितला, आणि चिडला तो दिव्यावर.

"पट्टी कशाला काढलीस? चार दिवस लागतोय तो. तेल घाल आणि नीघ."

"चाक गळतंय, दादा. भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतून काय होणार?"

"परत आलीस की दाखवू मिस्त्रीला."

"परत आले तर ना!"

"शुभ बोल गं सकाळी सकाळी! मागच्या महिन्यात गाडी एकदा चुकलीय. आता चुकली तर शाळा दुसरा गाडीवाला बघेल. मग बस दिवे मोजत."

गाडीच्या दारावर आतून पालकांच्या नंबरांचा कागद चिकटवलेला होता. धाकटीनं पहिला नंबर लावला. "आज व्हॅन येणार नाही. ब्रेक खराब आहे. मुलीला तुम्ही सोडा." दुसरा. तिसरा. थोरला मध्ये हातवारे करत होता, तिनं पाठ फिरवली. शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंना फोन. त्या कडक आवाजात म्हणाल्या, "हे दुसऱ्यांदा होतंय." धाकटी म्हणाली, "हो बाई, दुसऱ्यांदा होतंय. राग माझ्यावर काढा, पण पोरं या गाडीत बसणार नाहीत."

थोरल्याचा चहा हिंदकळला. "चावी इकडे दे. मी स्वतः नेतो."

"देत नाही."

"गाडी कुणाची आहे?"

"तुझी. पोरं कुणाची आहेत?"

"आजपासून तुझं काम बंद!" तो ओरडला. "समजलं? बंद!"

"बंद तर बंद. पण माझ्या आधी ही गाडी बंद." आणि तिनं चावी मुठीत आवळून मूठ पाठीमागे धरली, लहानपणी गोट्या धरायची तशी. बावीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. हे काम गेलं तर या वयात दुसरं कोण देणार होतं?

आरडाओरडा ऐकून आबा काठी टेकत आले. थोरल्याला तेवढंच हवं होतं.

"सांगा हिला, आबा! दिव्याला पट्टी कुणी लावायला शिकवलं?"

आबांनी दिव्याकडे बघितलं नाही. काठीच्या टोकाकडे बघितलं. "मीच लावायचो," ते म्हणाले. "जा गं पोरी, घेऊन जा. पेडल दोनदा दाबलं की लागतो ब्रेक. इतकं काय त्यात."

धाकटीला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. डिपस्टिक पुसायला शिकवली कुणी? याच आबांनी. लाल दिसला की थांब म्हणजे थांब, हे शंभरदा बजावलं कुणी? याच आबांनी. आणि आज हे असं बोलतात!

"बरं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तुम्ही दोघं एका बाजूला, तर माझंच चुकलं असेल. चला, बसा. आबा, तुम्ही पुढे माझ्या शेजारी. दादा, तू मागे, पोरं बसतात तिथे. आधी वर वस्तीपर्यंत जाऊ आणि तो उतार आपण तिघंच उतरू. नीट खाली आलो तर तुमच्या पाया पडेन आणि जन्मात पट्टीचं नाव काढणार नाही."

"बसतो की! घाबरतो काय मी?" थोरला मागच्या बुटक्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसला. आबा उभेच होते.

"बसा ना, आबा. इतकं काय त्यात?"

आबा बसले. काठी त्यांनी दोन पायांमध्ये उभी धरली. धाकटीनं दारं लावली, चावी फिरवली, इंजिन सुरू केलं. दिवे विझले, लाल तेवढा राहिला. गाडी ती फाटकाबाहेर काढणार नव्हतीच, वेड लागलं नव्हतं तिला. पण हे तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. तिनं हँडब्रेकवर हात ठेवला.

आबांचा हात तिच्या हातावर येऊन पडला. थंडगार होता.

"नको," ते म्हणाले. "बंद कर. पोरी, बंद कर ती."

तिनं इंजिन बंद केलं. मागून थोरला म्हणाला, "काय झालं, आबा?"

"मी शिडीवरून पडलो नव्हतो," आबा म्हणाले.

आबा समोरच्या विझलेल्या लाल दिव्याशी बोलावं तसे बोलत राहिले. "ती जुनी गाडी आठवते? महिनाभर हाच दिवा लागायचा. पोरं विचारायची, काका, हा लाल कसला? मी पट्टी लावली. एका संध्याकाळी पोरांना वर सोडलं आणि रिकामी गाडी घेऊन उतरत होतो. दुसऱ्या वळणावर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. भिंतीला घातली गाडी, म्हणून वाचलो. पाय गेला. संध्याकाळ होती म्हणून रिकामी होती. सकाळ असती तर भरलेली असती."

"आम्हाला तर गाडी विकली म्हणालात!" थोरला म्हणाला.

"भंगारात दिली. आणि तुझ्या आईला शिडी सांगितली. लोक पोरं पाठवत होते माझ्याबरोबर. काय तोंड दाखवणार होतो?"

"मग मला पट्टी का लावू दिलीत?"

"तू तेव्हा नुकता गाडीवर बसायला लागला होतास. माझं बघूनच लावायचास. नको लावू म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. हिला नंतर शिकवलं तेव्हा दिवे शिकवले, पण कारण हिलाही नाही सांगितलं."

धाकटीला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी. "आणि आजसुद्धा तुम्ही मला जा म्हणालात, आबा! चौदा पोरं घेऊन जा म्हणालात!"

"म्हणालो," आबा म्हणाले.

मिस्त्री नऊ वाजता आला. चाक उघडून आतलं फाटलेलं रबर त्यानं तळहातावर घेतलं आणि विचारलं, "ही आज कोण चालवणार होतं?"

"मी," थोरला म्हणाला. गाडी दोन दिवस उभी राहणार होती. मोठ्या बाईंना फोन करायला धाकटीनं मोबाइल काढला, तर थोरल्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः बोलला. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, पण शेवटचं वाक्य तिला ऐकू आलं. "नाही बाई, ड्रायव्हर बदलणार नाही. तिनंच तर थांबवली."

दुपारी धाकटीनं मिस्त्रीकडून कटर मागून घेतलं आणि शिडीची साखळी तोडली.

"अगं पडशील!" थोरला सवयीनं ओरडला आणि ओशाळला.

"हिनं कुणाला पाडलंय आजवर?" धाकटी म्हणाली. शिडी छताखाली उभी करून ती नवा बल्ब घेऊन चढायला लागली. खाली कुणीतरी शिडी घट्ट धरली. बघते तर आबा. काठी जमिनीवर टाकून दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"चढ," ते म्हणाले. "धरलीय मी."

चार वर्षांनी शेडमध्ये उजेड पडला. कोळिष्टकं दिसली, तेलाचे डाग दिसले, आणि नुकत्याच परतलेल्या नंबर दोनच्या काचेतून आतली काळी पट्टीही दिसली. आबा लंगडत त्या गाडीशी गेले, ड्रायव्हरकडून चावी मागून घेतली आणि आत बसले. म्हातारं नख, पट्टी लवकर निघेना. धाकटी शिडीवरच थांबली, मदतीला उतरली नाही. शेवटी इंजिन सुरू झालं, थोडा वेळ चाललं आणि बंद झालं.

आबा उतरले. पट्टी त्यांच्या अंगठ्याला चिकटली होती.

"पिवळा आहे," त्यांनी वर बघून तिला सांगितलं. "लवकर दाखवायला हवा."